उघडता येतं, ते टिकतं

पहाटे साडेपाच

श्रावणातला पाऊस रात्रभर कोसळून आता जरा उसंत घेतोय. पेणच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं की मी आधी कोपऱ्यातल्या लाकडी खोक्याकडे जातो. त्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर जळत असतो आणि त्याच्या उबेला एखादी जुनी वस्तू सुकत असते. आज तिथे पेणमधल्याच एका निवृत्त सरांचा टोस्टर आहे. 1950च्या दशकातला, ब्रिटिश बनावटीचा, दोन पाव एकदम भाजून वर उडवणारा.

काल संध्याकाळी त्याला मेगर लावला होता. मेगर हे हातानं दांडा फिरवायचं यंत्र. ते पाचशे व्होल्टचा दाब देतं आणि विजेच्या तारेतून बाहेरच्या पत्र्यात किती गळती होईल ते दाखवतं. खिशातल्या मल्टिमीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, त्या दाबाला ही गळती दिसतच नाही. म्हणून मीटरवर सगळं ठीक दिसलेली वस्तू पत्र्याला हात लावताच झटका देऊ शकते. काल काटा अर्ध्या मेगाओहमलाही पोचला नव्हता. आता दांडा फिरवतो तर काटा वीसच्या पुढे जाऊन थांबतो.

टोस्टरमध्ये बिघाड नव्हता, ओल होती. आमच्याकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सह्याद्री आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. जुन्या टोस्टरमधले अभ्रकाचे पत्रे, चिनी मातीचे मणी, तळातली पुठ्ठ्यासारखी पाटी, सगळं ओलावा धरून ठेवतं. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली अशी वस्तू सरळ बोर्डात खुपसणं धोक्याचं असतं. आधी सुकवायची, मग मोजायची आणि मगच वीज द्यायची.

माझं पोट चालतं ते मिक्सर, पंखे आणि पाण्याच्या मोटारींवर. गणपती तोंडावर आले की पुरण आणि नारळ वाटणाऱ्या मिक्सरची भांडी दारात रांग लावतात. ती कामं आधी होतात आणि मनापासून होतात. पण तासभर मोकळा मिळाला की माझा हात टोस्टरकडे वळतो.

सकाळी सात

दिव्याहून आलेली मेमू पेणला थांबते. एक जुना टोस्टर बघायला मी रोह्याला निघालोय. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. गाडीत धाटावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी मंडळी असतात, खिडकीबाहेर लावणी झालेली भाताची खाचरं पोपटी रंगात भरलेली असतात. हा पट्टा भाताचा, पोह्यांच्या गिरण्यांचा. इथल्या घरांत न्याहारीला पोहे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. मग टोस्टर आले कुठून?

उत्तर मुंबईत आहे. पेण-रोह्याची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला नोकरीला गेली. बँकेत, विम्यात, रेल्वेत, सचिवालयात. गिरगावात किंवा दादरला बिऱ्हाड, सुटीत गाव. पावाची सवय मुंबईनं लावली आणि ज्यांचा पगार जरा बरा त्यांच्याकडे टोस्टर आला. निवृत्तीनंतर बिऱ्हाड गावाला हललं तेव्हा पितळी डब्यांबरोबर तोही आला. त्यामुळे रोह्याच्या कौलारू घराच्या माळ्यावर लंडनच्या कारखान्यातली वस्तू सापडली तरी मला नवल वाटत नाही.

रोह्यात कुंडलिकेच्या काठाशी आलो. नदी तट्ट फुगलेली आहे, पलीकडे अष्टमी. या नदीचा आणि मुंबईच्या टोस्टरांचा संबंध फार जवळचा आहे. वर भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र 1927 पासून चालतं. मुळशी धरणाचं पाणी घाटावरून मोठ्या नळांतून खाली कोसळतं, चक्रं फिरवतं आणि पुढे कुंडलिकेतून रोह्याकडे येतं. त्याआधी 1915 साली खोपोली आणि 1922 साली भिवपुरी सुरू झालं होतं. तिन्ही केंद्रं आमच्या जिल्ह्यातली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, 1981 मध्ये रायगड झालं. या केंद्रांची वीज गेली मुंबईला, गिरण्यांना, रेल्वेला, घरांना. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी या धरणाखाली गेल्या. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच.

गिरगावातल्या त्या बिऱ्हाडात पाव भाजला गेला त्यात या पाण्याचा आणि त्या जमिनींचा वाटा होता. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मला म्हणूनच हलकी वाटत नाही. ती फेकण्याआधी एकदा उघडून बघावी, एवढं देणं आपण लागतो.

सकाळी साडेआठ

घर कौलारू, ओटीवर झोपाळा. ज्यांच्या टोस्टरसाठी आलो त्या काकू ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं त्यांनी पाटावर ठेवलं.

“चालू होईल का रे हा?”

“आधी उघडून बघतो, काकू. उघडल्याशिवाय मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.”

“मला शोभेला नकोय हां. डॉक्टरांनी सकाळी कोरडा टोस्ट खायला सांगितलाय. तव्यावर मध्ये जळतो आणि कडेला पांढरा राहतो.”

लुगडं सोडलं. दोन बाजूंना दोन दारं असलेला टोस्टर. मधोमध उभी तारांची भिंत, तिच्या दोन्ही अंगांना एकेक पाव टेकवायचा आणि दार लावायचं. दारांना काळ्या बॅकेलाइटच्या मुठी. नावाची पट्टी झिजून गेलेली, तिच्यावर एवढंच उरलंय: मेड इन इंग्लंड, 230 व्होल्ट, 550 वॅट.

“याची गंमत तुला ठाऊक आहे का?” म्हणत काकूंनी कोनाड्यातली एक लग्नपत्रिका घेतली. पत्रिका तारांच्या बाजूला उभी ठेवून दार लावलं. मग मूठ धरून दार सावकाश खाली ओढलं. पत्रिका दाराच्या उतारावरून घसरत खाली आली आणि दारावर पडून राहिली. दार परत वर ढकललं. मघाशी बाहेर असलेली बाजू आता तारांकडे होती. पावाला हात न लावता पाव उलटला. त्यात स्प्रिंग नाही की दातेरी चाक नाही. दाराची बिजागरी कुठे बसवायची आणि उतार किती द्यायचा, एवढ्या विचारावर सगळं चालतं.

टोस्टर पालथा घातला. तळाला पितळेचे चार स्क्रू, सरळ खाचेचे. मला सगळ्यात आधी हेच बघायचं असतं. खाचा शाबूत आहेत म्हणजे याआधी कुणी नेटानं झटापट केलेली नाही. स्क्रूच्या डोक्याशी तेलाचा एकेक थेंब सोडून दहा मिनिटं थांबलो. मग खाचेत गच्च बसणारा पेचकस घेतला आणि चारही स्क्रू एकामागून एक फिरले. बनवणाऱ्यानं तेव्हाच ठरवलं होतं की ही वस्तू कधीतरी बिघडेल, कुणीतरी ती उघडेल आणि त्याची सोय आपण करून ठेवायची. इतक्या वर्षांनी आज मला तिला हात घालता आला तो त्या सोयीमुळे.

आत अभ्रक ठिकठाक, एका कोपऱ्यात नुसता पापुद्रा सुटलेला. तार मात्र दोन ठिकाणी तुटलेली, उरलेली ठिसूळ. चिमट्यानं जरा उचलली तर तुकडा हातात आला.

“काकू, तार नवी भरावी लागेल. पत्रा, दारं, मुठी सगळं तेच राहील.”

“मग ने. हे म्हणायचे, दुसरा मिळायचा नाही, जपून वापर.”

काका म्हणायचे त्यात तथ्य होतं. 1957 साली देशात परकीय चलनाची टंचाई झाली आणि चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं आली. पुढची काही दशकं थोड्याफार फरकानं तीच तऱ्हा. देशात बनणारे टोस्टर होते, पण घरात एक आला की तोच पुरवायचा. बिघडला की आळीतला मेकॅनिक. त्या काळानं घरोघर दुरुस्तीची सवय जपली आणि माझ्यासारख्यांना कामही दिलं.

निघण्याआधी स्वयंपाकघरातला बोर्ड तपासला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तपासणीचा दिवा लखलखीत लागला, पण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरला तर मिणमिणलासुद्धा नाही. तिसऱ्या भोकात तारच पोचलेली नाही. जुन्या घरांत हे फार दिसतं. काकूंच्या मुलाला फोनवर स्पष्ट सांगितलं: परवानाधारक वायरमनकडून आधी अर्थिंग करून घ्या, मीठ-कोळसा घालून पाइप जमिनीत पुरा आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा. ते होईपर्यंत टोस्टर माझ्याकडेच राहील. त्यांनी कुरकुर न करता होकार दिला.

सकाळी साडेअकरा

पेणला परत. मी आत आलो तोवर आमच्या शिकाऊ मुलानं मिक्सरची तीन भांडी हातावेगळी केली होती. आयटीआय करून आलाय, हात हलका आहे आणि विचारायला लाजत नाही.

काकूंच्या टोस्टरची वायर काढायची आहे. बाहेरून सुती वेणीची, चट्ट्यापट्ट्यांची, बघायला सुरेख. पण टोस्टरच्या आतल्या टोकाशी पांढरट, धाग्याधाग्यांचं वेष्टण आहे. त्या काळात उष्णतेसाठी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर आयुष्यभर तिथेच राहतात आणि पुढे जिवावर बेततात. म्हणून इथे घाई नाही. पंखा बंद, तोंडाला नीट बसणारा मास्क, वेष्टणावर पाण्याचा फवारा. ओलं झालं की तंतू उडत नाहीत. ते कापायचं नाही, खरवडायचं नाही, फुंकर तर अजिबात मारायची नाही. वायर सबंध बाहेर काढली, दोन पिशव्यांत बंद केली, वर लेबल लावलं, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि फडकंही पिशवीत टाकलं.

तिच्या जागी येईल तीन तारांची, उष्णता सोसणारी वायर आणि काचेच्या धाग्याची नळी. या गोष्टी मी मुंबईला लोहार चाळीतून आणतो. विजेच्या सामानाची ती जुनी पेठ, तिथे नायक्रोम तारेचे रीळ आणि अभ्रकाचे पत्रे अजून मिळतात.

दुपारी साडेबारा

घरून डबा येतो. आज वालाचं बिरडं, भात, पापड. पाऊस पुन्हा धरलाय. जेवून वीस मिनिटं डोळे मिटतो, कारण पुढच्या कामाला हात आणि नजर दोन्ही स्थिर लागतात.

दुपारी दीड

तार भरायची. मुलाला हिशोब त्यानंच करायला लावला.

“व्होल्ट किती?”

“दोनशे तीस.”

“त्याचा वर्ग कर, त्याला वॅटनं भाग.”

वर्ग 52,900. त्याला 550नं भागलं की 96. म्हणजे तारेचा एकूण रोध 96 ओहम हवा. 0.4 मिलिमीटर जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला पावणेनऊ ओहमच्या आसपास, म्हणजे सुमारे 11 मीटर तार लागेल. त्याहून कमी भरली तर टोस्टर जास्त तापेल आणि अभ्रक जाईल. जास्त भरली तर पाव भाजण्याऐवजी वाळेल.

नायक्रोम म्हणजे ढोबळमानानं ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना 1906 साली तिचं पेटंट मिळालं आणि विजेवरचा टोस्टर शक्य झाला. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली तर हवेतल्या प्राणवायूनं बघता बघता गंजून तुटते. नायक्रोमवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. टोस्टरची तार रोज लाल होते आणि तरी वर्षानुवर्षं टिकते ती त्या थरामुळे.

अभ्रकाच्या पत्र्याच्या दोन्ही कडांना दातऱ्या असतात. तार एका दातरीतून समोरच्या दातरीत, परत पुढच्या दातरीत, अशी घ्यायची. ताण सारखा हवा. सैल राहिली तर तापल्यावर लोंबते आणि शेजारच्या वेढ्याला टेकते. फार ओढली तर अभ्रकाची कड मोडते. दोन वेढ्यांतलं अंतर चुकलं तर पावावर पट्टे उमटतात. वाटेत तारेला पीळ पडू द्यायचा नाही, कारण पीळ पडलेल्या जागी ती आधी तुटते. मुलगा रीळ धरून तार सोडतो, मी भरतो. बोलणं जवळजवळ बंद होतं.

टोकं जोडताना सोल्डर चालत नाही. सोल्डर दोनशे अंशांच्या आसपास वितळतं आणि इथे त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. मूळ कारखान्यानं टोकं रिव्हेटनं ठोकली होती. मी तिथे स्टीलचा छोटा स्क्रू, दोन वॉशर आणि नट लावतो. रिव्हेट तोडावा लागतो, स्क्रू सोडवता येतो. माझ्या पश्चात कुणाला तार बदलायची झाली तर त्याला तोडफोड करावी लागू नये.

मग अर्थ. मूळ टोस्टरला दोनच तारा होत्या, पत्रा कशालाच जोडलेला नव्हता. तळाच्या पट्टीवर एक जागा चकाकेपर्यंत घासली आणि हिरवी-पिवळी तार दातेरी वॉशर घालून घट्ट बसवली. बाहेरून काही दिसत नाही. पण आत तार कधी सुटून पत्र्याला लागली तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाईल आणि स्विच पडेल.

दुपारी साडेतीन

एक गृहस्थ मोठं खोकं घेऊन आले. बहीण न्यू जर्सीला असते, तिनं तिथे दुरुस्त केलेला सनबीमचा टी-20 पाठवलाय. हा टोस्टर बाजारात आला 1949 साली. मी खोकं उघडलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून बघत राहिलो, कारण घरगुती यंत्रांत इतकं हुशार यंत्र फार थोडं झालं आहे.

पाव वर ठेवायचा, बस्स. दांडी दाबायची नाही. पावाच्या वजनानं आतला स्विच लागतो. तार तापते, तापली की लांबते, आणि ते काही केसांइतकं लांबणं तरफांच्या जोडणीनं वाढवून पाव अलगद खाली उतरवला जातो. आत दोन धातूंची जोडपट्टी पावाच्या पृष्ठभागावरून येणारी उष्णता जोखत असते. ती पुरेशी झाली की पट्टी वाकते, वीज तुटते, तार गार होऊन आकसते आणि पाव हळूच वर येतो. मोटार नाही, घड्याळ नाही. तापणारी तारच भाजते आणि तीच उचलते. लुडविक कोसी यांची ही रचना.

“प्लग बदलून द्या की फक्त,” गृहस्थ म्हणाले.

“दादा, प्लग बदलून लावलात तर पहिल्याच पावाला तार उडेल.”

त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. अमेरिकेत 120 व्होल्ट. तिथे 1200 वॅट घेणाऱ्या वस्तूचा रोध 12 ओहम. तीच 230 व्होल्टला जोडली तर ती 4400 वॅट मागते, जवळजवळ चौपट. तार काही क्षणांत पांढरी होऊन तुटेल, आसपासचं काही पेटलं तर आणखी वाईट. उपाय एकच: पंधराशे व्हीए किंवा त्याहून मोठा, तांब्याच्या वेटोळ्यांचा खराखुरा ट्रान्सफॉर्मर. तो जड असतो, ओट्यावर जागा खातो, पण काम चोख करतो. तार नव्यानं भरून यंत्र 230चं करावं का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. यात तारेचं लांबणं हाच यंत्राचा प्राण आहे. वेगळ्या लांबीची, वेगळ्या जाडीची तार घातली की उतरणं-चढणं सगळं बिघडतं. त्यांना पटलं. ट्रान्सफॉर्मर मी बांधून घेईन, टोस्टरला पेचकससुद्धा लावणार नाही.

संध्याकाळी पाच

शेजारच्या गल्लीतल्या गणपती कारखान्यातले रंगारी दादा कॉम्प्रेसर घेऊन आले. पेण, हमरापूर, जोहे, सगळीकडे सध्या रात्रीचा दिवस चाललाय. रंगाचा फवारा थांबला तर मूर्ती अडकतात, म्हणून बाकी सगळं बाजूला. कपॅसिटर गेला होता. बदलून पंधरा मिनिटांत मोटार चालू.

जाता जाता त्यांची नजर सरांच्या पॉप-अप टोस्टरवर गेली. बाजूच्या बॅकेलाइटच्या चकतीवर एक ते सहा आकडे कोरलेले, त्यातला रंग उडालेला.

“भरून देऊ? दोन मिनिटांचं काम.”

“आकडे भरा. सरांना ते दिसायला हवेत. पण मुठीला हात लावू नका.”

मुठीची एक कड अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाली आहे. घासून, रंगवून ती नवी दिसेल, पण तशी करायची कशाला? वापरण्यासाठी जे लागतं ते मी भरतो, वापरामुळे जे झालंय ते ठेवतो. दादांनी बारीक कुंचल्यानं खाचांत पांढरा रंग सोडला, वरचा ओघळ बोटानं पुसून घेतला. डोळ्यांची आखणी करणारा हात तो, एकही आकडा कडेबाहेर गेला नाही.

पत्र्याच्या चकाकीबद्दलही माझं धोरण हेच. क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याखाली निकेल, त्याखाली लोखंड. आपल्या दमट हवेत क्रोमच्या छिद्रांतून गंजाचे ठिपके वर येतात. ॲल्युमिनियमच्या कागदाची घडी पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासली की वरवरचे ठिपके निघतात आणि ओरखडा पडत नाही. खोल खड्डे राहतात, राहू देतो. पुन्हा मुलामा चढवायचा तर सगळे भाग सुटे करून रसायनांच्या टाक्यांत बुडवावे लागतात. ते घरगुती काम नव्हे. ती क्रोमियमची द्रावणं विषारी असतात.

संध्याकाळी साडेसहा

काकूंच्या टोस्टरला पहिली वीज. थेट नाही, शंभर वॅटच्या बल्बमधून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि तेवढ्यावर निभावेल. बल्ब भरतेजानं पेटला नाही, अपेक्षेपेक्षा जरा मंदच. ठीक. मग गळती-रोधक स्विचमधून सरळ 230. आम्ही ओसरीवर आलो, कारण नव्या तारेवरचं तेल आणि हाताचा घाम पहिल्यांदा जळतो, धूर होतो.

मुलानं दिवे बंद केले. तार आधी काळी, मग काळपट तांबडी, मग भगवी. अंधारातच कळतं की वेढे सारखे तापतायत की नाही. एखादा वेढा जास्त उजळ दिसला तर तिथे तार ताणून बारीक झालेली असते. आमचे सगळे वेढे एका रंगाचे. करंट 2.4 अँपिअर, हिशोबाबरहुकूम. गरम असतानाच वीज काढून पुन्हा मेगर लावला, काटा भरपूर वर.

आता पाव. बेकरीतला साधा कापलेला पाव, आजचा. ताज्या पावाला वेळ जास्त लागतो, कारण आधी त्यातलं पाणी उडावं लागतं. पृष्ठभाग कोरडा होऊन 140 अंशांच्या वर गेला की साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तो खमंग तपकिरी रंग आणि वास तयार होतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मायार यांनी 1912 साली ही क्रिया मांडली. दार खाली, पाव उलटला, दार वर. दोन्ही बाजू सारख्या, पट्टे नाहीत. सरांच्या पॉप-अपमध्येही एक जोडी भाजली, लगेच दुसरी. गरम यंत्रात दुसरी जोडी थोडी फिकी येते, कारण वेळ मोजणारी धातूची पट्टी आधीच तापलेली असते. सरांना सांगायचं: दुसऱ्या खेपेला आकडा एकानं वाढवा.

टोस्ट लोणी लावून आम्ही तिथेच संपवले.

रात्री आठ

नोंदी लिहायची वेळ. मुलानं विचारलं, “टोस्टर पहिल्यांदा कुणी केला?” त्यानं मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं, 1893 साली एडिंबरोच्या ॲलन मॅकमास्टर्सनं. मी त्याला सांगितलं की असा संशोधक झालाच नाही. 2012 साली विद्यार्थ्यांनी गमतीत रचलेली ही गोष्ट दहा वर्षं जगभर खरी मानली गेली. पुस्तकांत गेली, शाळांत गेली, आणि 2022 साली एका शाळकरी मुलाला त्या संशोधकाचा म्हणून दिलेला फोटोच खोटा वाटला तेव्हा उघडी पडली. खात्रीनं सांगता येतं ते असं: जनरल इलेक्ट्रिकचा डी-12 बाजारात आला 1909 साली. पाव आपोआप वर उडवण्याचं चार्ल्स स्ट्राइट यांचं पेटंट 1921चं. घरगुती पॉप-अप आला 1926 साली. ऐकीव गोष्टसुद्धा स्क्रू काढून आत बघावी, मग मानावी.

नवा टोस्टर दीड-दोन हजारांत मिळतो आणि पावही बरा भाजतो. पण बहुतेकांचा तळ खटक्यांनी बंद असतो. उघडायला गेलं की खटके मोडतात आणि सुटा भाग मिळत नाही. एक साधी तार तुटली म्हणून सबंध वस्तू कचऱ्यात. जुनं ते सगळं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. ॲस्बेस्टॉस जुनं होतं, अर्थविना पत्रा जुना होता, ते आम्ही आजच काढून टाकलं. पण उघडता येईल अशी बांधणी ही गोष्ट जुन्यांकडून उचलून नव्यात घालायलाच हवी. खरेदी करताना वस्तू पालथी घालून स्क्रू आहेत का ते बघा, सुटे भाग मिळतात का ते दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की कारखान्यालाही उत्तर द्यावं लागतं.

आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टोस्टरच्या तळात, उष्णतेपासून दूर, एक चिठ्ठी राहते. काढलेले जुने भाग लेबल लावून गिऱ्हाइकाला परत देतो. धोकादायक तेवढे आमच्याकडे सीलबंद ठेवतो. काकूंच्या टोस्टरची चिठ्ठी आज मुलानं लिहिली, त्याच्या अक्षरात: “तार बदलली, नायक्रोम 0.4 मिमी, 96 ओहम. मूळ वायर ॲस्बेस्टॉसची होती, पूर्ण काढली. अर्थ नव्यानं जोडला आहे, तळाच्या मागच्या पट्टीवर, तो सोडवू नये. दार उघडण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करावा. तारेची टोकं स्क्रूनं बसवली आहेत, आधी डावा सोडवावा, उजव्याखाली चिनी मातीचा मणी आहे, तो सांभाळावा.”

शेवटची सूचना त्याला मी सांगितली नव्हती. टोस्टर बांधताना तो मणी घरंगळला होता आणि पुढच्या कारागिराच्या हातून तसं होऊ नये हे त्याचं त्यानंच ओळखलं. उद्यापासून तार भरायला तो बसेल, रीळ मी धरेन.